१९७५ : केवळ ‘शोले’चे वर्ष नव्हे

घरातल्या मोठ्या माणसांसमोर १९७५ साल काढले की दोन गोष्टी हमखास निघतात : आणीबाणी आणि ‘शोले’. पहिली २५ जूनला आली, दुसरा १५ ऑगस्टला. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली, तरी ‘शोले’ अजून बोलण्यात आहे. मात्र त्याच्या सावलीत त्या सालातले इतर चित्रपट थोडे मागे पडले. नव्या पिढीला ‘दीवार’ माहीत असतो, ‘चुपके चुपके’ कधीतरी टीव्हीवर पाहिलेला असतो. पण ‘सामना’, ‘निशांत’, ‘आंधी’, ‘पांडू हवालदार’ आणि ‘जय संतोषी माँ’ हे सगळे त्याच बारा महिन्यांतले, हे सांगितले की आश्चर्य वाटते.

एका वर्षात एक-दोन चित्रपट गाजणे नेहमीचेच. १९७५ चे वेगळेपण असे, की मारधाडीचा, भक्तीचा, विनोदाचा, राजकारणाचा, खेड्यातल्या जुलमाचा आणि फक्कड मराठी मातीचा, अशा प्रत्येक जातीच्या चित्रपटाने त्या वर्षी आपापला उत्तम नमुना दिला. शिवाय वरवर एकमेकांशी संबंध नसलेले यांतले बरेचसे चित्रपट एकच प्रश्न विचारत होते : सामान्य माणसाने न्याय मागायचा कोणाकडे? त्या प्रश्नाच्या अंगाने या वर्षाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी मंडळींना त्यात आपल्या गावांची नावेही भेटतील.

तो काळ

दूरदर्शन तेव्हा देशातल्या मोजक्याच शहरांत पोहोचले होते. बाकीच्या ठिकाणी करमणूक म्हणजे रेडिओ आणि टॉकीज. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायची, गाणी आधी तोंडपाठ करायची आणि मग चित्रपट गावात कधी लागतो याची वाट पाहायची. मोठ्या शहरात लागलेला चित्रपट लहान गावात यायला महिने लागत. त्यामुळे १९७५ चे चित्रपट अनेकांनी प्रत्यक्षात १९७६ किंवा ७७ मध्ये पाहिले. घरी आठवणी निघतात तेव्हा सालांचा घोळ होतो तो यामुळेच.

देशाची स्थिती बरी नव्हती. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राने सोसला होता. महागाई, टंचाई, रेशनच्या रांगा, १९७४ चा रेल्वे संप, बिहार-गुजरातमधली विद्यार्थी आंदोलने, हे सगळे ताजे होते. या वर्षातल्या चित्रपटांतला राग आणीबाणीमुळे आला, असे काही वेळा म्हटले जाते. पण तारखा पाहिल्या तर ते जुळत नाही. ‘शोले’चे चित्रीकरण ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाले होते, ‘सामना’ १९७४ मध्येच तयार झाला होता आणि ‘दीवार’ जानेवारी १९७५ मध्ये लागलाही होता. हा राग आणीबाणीच्या आधीचा आहे. आणीबाणीने काय केले, ते पुढे येईलच.

इंदूर आणि ग्वाल्हेरची जोडी

‘दीवार’ आणि ‘शोले’ हे दोन्ही चित्रपट सलीम-जावेद यांनी लिहिले. सलीम खान यांचा जन्म इंदूरचा, जावेद अख्तर यांचा ग्वाल्हेरचा. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या या दोन शहरांत आपल्या कितीतरी सभासदांच्या पिढ्या गेल्या. हिंदी चित्रपटाचा नायक बदलणारी लेखणी तिथलीच होती, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

यश चोप्रांच्या ‘दीवार’मध्ये कामगार पुढाऱ्याची दोन मुले मुंबईत फुटपाथवर वाढतात. बापाला चोर ठरवणारी अक्षरे हातावर गोंदलेली घेऊन थोरला गोदीत हमाली करतो आणि पुढे तस्कर होतो. धाकटा पोलीस अधिकारी होतो. न्याय मिळाला नाही म्हणून एकाने कायदा सोडला, दुसऱ्याने कायदाच हाती धरला आणि दोघांच्या मध्ये आई उभी राहिली. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि संवाद हे सगळे मान ‘दीवार’कडे गेले.

‘शोले’तला गब्बर सिंग हे नाव पूर्ण काल्पनिक नाही. १९५० च्या दशकात ग्वाल्हेरच्या आसपासच्या गावांत दहशत बसवणारा याच नावाचा एक दरोडेखोर होऊन गेला. चंबळच्या बाजूच्या जुन्या मंडळींना तो ऐकून माहीत असतो. सूरमा भोपाली रंगवणारे जगदीपही तिकडचेच, ग्वाल्हेरजवळच्या दतियाचे. चित्रपटातले रामगढ मात्र उभे राहिले दक्षिणेत, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांमध्ये. रेल्वेगाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग मुंबई-पुणे मार्गावर पनवेलच्या बाजूला चित्रित झाला आणि तेवढ्या एका प्रसंगाला सात आठवड्यांच्या आसपास वेळ लागला.

सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओ ध्वनी ही तेव्हा अपूर्वाई होती. तरीही पहिल्या आठवड्यात व्यवसायातल्या लोकांनी चित्रपट पडला असे मानले होते. मग पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले, संवादांच्या तबकड्या निघाल्या, पानाच्या ठेल्यावर त्या वाजू लागल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये ‘शोले’ पाच वर्षे टिकला.

या चित्रपटाला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला. तो संकलनाचा होता आणि मानकरी होते एम. एस. शिंदे. साडेतीन तासांच्या जवळ जाणारा चित्रपट कुठे रेंगाळत नाही, याचे श्रेय या मराठी माणसाच्या कात्रीला आहे. पडद्यावरचा कालिया म्हणजे शुभा खोटे यांचे बंधू विजू खोटे. इमामसाहेबांचा मुलगा अहमद म्हणजे आपले सचिन. त्याच सालच्या राजश्रीच्या ‘गीत गाता चल’मध्ये हाच सचिन नायक होता, तोही हिंसेपासून कोसभर दूर असलेल्या गोड, गाणाऱ्या खेड्यात.

‘शोले’त ठाकूर हा निवृत्त पोलीस अधिकारी आहे. कायदा आयुष्यभर हाताळलेला हा माणूस गब्बरला धरायला पोलिसांकडे जात नाही, दोन भुरट्या कैद्यांना पैसे देऊन आणतो. मूळ शेवटात तो गब्बरला स्वतःच्या पायांनी ठार करतो. तोवर आणीबाणी लागू झाली होती आणि सेन्सॉरला हा शेवट मान्य झाला नाही. निवृत्त अधिकाऱ्यानेच कायदा हातात घेतलेला दाखवायचा कसा? शेवट बदलला गेला. ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात. आपण सर्वांनी टॉकीजमध्ये पाहिला तो हा दुसरा शेवट. मूळ शेवटासह जतन केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. मधे पन्नास वर्षे गेली.

देवीचा शुक्रवार

याच ‘शोले’च्या बरोबरीने गर्दी खेचणारा दुसरा चित्रपट अगदी थोड्या खर्चात तयार झाला होता. ‘जय संतोषी माँ’मध्ये नावाजलेला नट नव्हता, मोठी दृश्ये नव्हती. सासरी जावांचा छळ सोसणारी सत्यवती, परगावी गेलेला नवरा आणि शुक्रवारच्या व्रताने पावणारी देवी, एवढीच कथा. प्रेक्षक टॉकीजच्या दाराशी चपला काढून आत जात, आरतीच्या वेळी पडद्यावर नाणी आणि फुले उधळत. अनिता गुहा यांना लोक रस्त्यात नमस्कार करू लागले.

आपल्याकडे श्रावणातला जिवतीचा शुक्रवार होताच. गूळ-चण्याचा नैवेद्य दाखवून, आंबट वर्ज्य करून करायचे सोळा शुक्रवार मात्र बऱ्याच मराठी घरांत या चित्रपटानंतर शिरले. गाणी लिहिली होती उज्जैनजवळच्या बडनगरचे कवी प्रदीप यांनी, संगीत सी. अर्जुन यांचे आणि मुख्य स्वर उषा मंगेशकरांचा. म्हणजे शब्द माळव्याचे आणि गळा मंगेशीच्या मूळ घराण्याचा.

हा चित्रपट भाबडा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण ज्या सुनेला घरात, गावात, कचेरीत कुठेच दाद लागत नाही ती देवीकडे जाते, ही गोष्ट लाखो बायकांना आपली वाटली. न्यायाचा प्रश्न इथेही आहेच. फक्त बंदुकीच्या जागी व्रत आहे.

हसण्याच्या जागा

सगळे वर्ष काही रागात गेले नाही. हृषीकेश मुखर्जींचा ‘चुपके चुपके’ एप्रिलमध्ये आला. मूळ बंगाली चित्रपट ‘छद्मवेशी’. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन बायकोच्या मेव्हण्याकडे राहतो आणि त्याच्या अतिशुद्ध हिंदीच्या हट्टाची खोड काढतो. आपल्यापैकी जे दोन भाषांमध्ये वाढले, घरी मराठी आणि बाहेर हिंदी, कन्नड किंवा गुजराती, त्यांना शुद्धतेच्या आग्रहाची ही थट्टा जास्तच भावते. हृषीदांनी त्याच वर्षी ‘मिली’ही दिला, आजारी मुलीची शांत कथा. एकाच अमिताभ बच्चनना प्रेक्षकांनी वर्षभरात तस्कर, भुरटा चोर, इंग्रजीचा लाजरा प्राध्यापक आणि दारूत बुडालेला एकाकी तरुण, अशा चार रूपांत पाहिले.

सचिनदेव बर्मन यांनी ‘चुपके चुपके’ आणि ‘मिली’ला संगीत दिले आणि ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते गेले. त्याआधी १४ जुलैला मदन मोहन गेले होते. हिंदी चित्रसंगीताचे दोन मोठे आधार एकाच वर्षात निखळले.

गुलजार आणि थांबवलेला चित्रपट

गुलजार यांनी या वर्षी ‘आंधी’, ‘खुशबू’ आणि ‘मौसम’ असे तीन चित्रपट दिले. ‘मौसम’साठी शर्मिला टागोर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा त्याचे संगीतकार मदन मोहन हयात नव्हते.

‘आंधी’ ही राजकारणात गेलेल्या स्त्रीची आणि तिच्यापासून दुरावलेल्या नवऱ्याची गोष्ट. सुचित्रा सेन यांची साडी, चालणे आणि केसांतली पांढरी बट पाहून लोकांना इंदिरा गांधी आठवल्या. चित्रपट फेब्रुवारीत लागला होता आणि चांगला चाललाही होता. आणीबाणी आल्यावर तो थांबवला गेला. १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर तो पुन्हा दिसू लागला. खरे तर ‘आंधी’त नायिकेवर टीका फार थोडी आहे. सत्तेतल्या बाईलाही घर हवे असते, एवढेच तो हळुवारपणे सांगतो. संजीव कुमार यांना याच भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळाले. म्हणजे ‘शोले’तल्या ठाकूरला नव्हे, ‘आंधी’तल्या हॉटेल मॅनेजरला.

तेंडुलकरांची दोन गावे

मराठी माणसाने १९७५ कडे अभिमानाने पाहावे असे सर्वांत मोठे कारण विजय तेंडुलकर आहेत. ‘सामना’ आणि ‘निशांत’ या दोन्ही पटकथा त्यांच्या.

‘सामना’ हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट, निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखान्याच्या जोरावर सगळा गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. वाट चुकल्यासारखा गावात आलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव मास्तरला खाऊ घालतो, पिऊ घालतो, वाड्यावर ठेवून घेतो. मास्तर एकच गोष्ट सोडत नाही : मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हे तो विचारत राहतो. ना मारामारी, ना पोलिसांची धाड. एक प्रश्न आणि तो टाळणारा एक बलदंड माणूस यांच्यातला हा सामना आहे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत दाखवला गेला. मारुती कांबळेचा प्रश्न आजही कोणी गायब झाले, कोणाची फाईल दडपली की मराठीत सहज विचारला जातो. चित्रपटाला याहून मोठे आयुष्य कोणते?

‘निशांत’ हैदराबादकरांच्या जवळचा. दिग्दर्शक श्याम बेनेगल हैदराबादचे आणि कथेची पार्श्वभूमी १९४५ च्या सुमाराची, तेलंगणातल्या जमीनदारीसारखी. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरच्या बायकोला उचलून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो, वकिलाकडे जातो. प्रत्येक दारातून रिकामा परततो. शेवटी देवळाच्या पुजाऱ्याच्या मदतीने गाव उठते. पण उठलेला जमाव दोषी-निर्दोष निवडत बसत नाही. तेंडुलकर इथे टाळ्या घेत नाहीत, भीती दाखवतात. गिरीश कर्नाड, शबाना आझमी, अमरीश पुरी, नसीरुद्दीन शहा, अनंत नाग, स्मिता पाटील असा हा संच. मोहन आगाशे तर दोन्हीकडे आहेत : ‘सामना’त मारुती कांबळे, ‘निशांत’मध्ये जुलमी जमीनदाराचा भाऊ. स्मिता पाटील यांचा चित्रपटप्रवासही बेनेगल यांच्या याच काळातला. मुलांसाठी केलेल्या ‘चरणदास चोर’मध्ये त्या दिसल्या तेही १९७५ मध्येच.

हवालदार आणि हशा

‘सामना’ पाहून जड झालेले डोके हलके करायला त्याच वर्षी ‘पांडू हवालदार’ होता. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून आलेल्या दादा कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. अशोक सराफ यांना खरी ओळख मिळाली ती यातल्या सखारामने. उषा चव्हाण यांची केळेवाली आणि राम कदम यांची गाणी अजून वऱ्हाडी मंडळींच्या मुक्कामी ऐकू येतात.

दादांच्या द्व्यर्थी संवादांवर तेव्हाही नाके मुरडली गेली, आजही मुरडली जातात. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘दीवार’मध्ये खाकी वर्दी म्हणजे कठोर कर्तव्य आणि ‘शोले’त वर्दी उशिरा पोहोचते. ‘पांडू’मध्ये वर्दीच्या आत आपल्यासारखाच एक गरीब, गोंधळलेला, चाळीतला माणूस आहे. न्याय देणाऱ्याकडे खालच्या पायरीवरून पाहिले तर तो कसा दिसतो, हे दादांनी हसत हसत दाखवले.

शेजारच्या भाषांत

बेळगावच्या आणि दक्षिणेतल्या सभासदांसाठी दोन नोंदी. बी. व्ही. कारंत यांच्या कन्नड ‘चोमन दुडी’ला १९७५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. शिवराम कारंत यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट चोम नावाच्या अस्पृश्य वेठबिगाराची गोष्ट सांगतो. स्वतःची जमीन कसायची एवढीच त्याची इच्छा. ती पुरी होत नाही आणि त्याचे सगळे दुःख त्याच्या ढोलातून बाहेर पडते. मागण्यासाठी त्याच्याकडे शब्दसुद्धा उरत नाहीत.

दुसरी नोंद आनंदाची. ऑगस्ट १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या तमिळ ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एक अनोळखी तरुण फाटक ढकलून आत आला. बंगळुरूच्या मराठी घरातला, बसमध्ये कंडक्टर राहिलेला शिवाजीराव गायकवाड. बालचंदर यांनी त्याचे नाव ठेवले रजनीकांत. महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी मुलगा दुसऱ्या राज्यात, तिसऱ्याच भाषेत सर्वांत मोठा नट झाला, ही गोष्ट आपल्या मंडळांनी तरी जपून ठेवावी.

मग या वर्षाचे सार काय?

थोरला भाऊ तस्करीत शिरला, ठाकूरने कैदी आणले, सत्यवतीने व्रत धरले, मास्तर विचारत राहिला, तेलंगणातले गाव पेटून उठले, पांडू हसला आणि चोमाने ढोल वाजवला. एकाच वर्षात, निरनिराळ्या भाषांत, एकाच दुखण्यावर ही वेगवेगळी उत्तरे होती. ‘चुपके चुपके’ किंवा ‘गीत गाता चल’ या यादीत बसत नाहीत आणि ते बरेच आहे. सगळ्यांनीच एक सूर लावला असता तर ते वर्ष एवढे भरले नसते. मात्र सरकारने ज्यांना हात लावला ते कोणते, हे लक्षात ठेवावे. हळुवार ‘आंधी’ थांबवला गेला आणि ‘शोले’चा शेवट बदलला गेला. प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटाची भीती कोणाला वाटते, हेही त्या वर्षाने शिकवले.

घरी पाहायचे असल्यास

मुलांबरोबर सुरुवात ‘चुपके चुपके’ने करावी. मग ‘दीवार’ आणि ‘शोले’ लागोपाठ पाहावेत, म्हणजे एकाच लेखकजोडीने खाकी वर्दीकडे दोन बाजूंनी कसे पाहिले ते कळते. कॉलेजात जाणाऱ्यांनी ‘सामना’ आणि ‘निशांत’ जोडीने पाहावेत. ‘निशांत’ लहान मुलांसाठी नाही. ‘आंधी’ शांत संध्याकाळी पाहावा. ‘पांडू हवालदार’ केव्हाही चालेल, फक्त मुलांनी अर्थ विचारले तर उत्तर तयार ठेवावे.

शेवटची सूचना आजी-आजोबा असलेल्या घरांना. चित्रपट संपला की त्यांना विचारा : हा तुम्ही कुठल्या टॉकीजमध्ये पाहिलात, कोणाबरोबर गेला होतात, तिकीट कितीला मिळाले? ती टॉकीज आता बहुतेक पाडली गेली असेल. चित्रपट जतन करणाऱ्या संस्था आहेत. आपल्या गावात तो कसा पाहिला गेला, ही आठवण मात्र फक्त घरातच जतन होते. ती लिहून ठेवा.